नलू खवलीचा गाल

नवापुरात नलू नावाच्या बायका तीन. एक देवळाकडची, एक मास्तरांची आणि तिसरी खवली. कुणी नवखा माणूस गावात येऊन "नलूताईंचं घर कुठलं?" असं विचारू लागला, की पोरंसुद्धा उलट विचारतात, "कोनती? खवली काय?" आणि त्याने मान हलवली की त्यांची बोटं किनाऱ्याकडच्या शेवटच्या आळीकडे वळतात.

खवली हे काही आडनाव नाही. नलू लहान होती तेव्हा तिला कांजिण्या आल्या. अंगभर खाज. आई दारात मासे साफ करायला बसायची आणि नलू तिच्याजवळ बसून, खवल्यांनी माखलेल्या हातांनीच गाल खाजवत राहायची. कांजिण्या गेल्या, अंगावरचे डागही गेले, पण डाव्या गालावरचे खड्डे राहिले. बारीक, एकाला एक लागून, आणि ऊन तिरपं पडलं की चकाकणारे. पुढे एकदा आईने तिला पाटीबरोबर बोईसरच्या बाजारात नेलं. तिथे एक गिऱ्हाईक बाई बांगडे निवडता निवडता म्हणाली, "अगं, पोरीच्या गालाला खवले चिकटलेत बघ. पूस की!" आईने न बघताच पदराने गाल पुसला. बाई म्हणाली, "अजून आहेत." आईने पुन्हा पुसला, या वेळी जोर लावून. मग तिने खाली वाकून पाहिलं आणि हात मागे घेतला. शेजारच्या बायकांना हसू आवरेना. सकाळी नलू म्हणून बाजारात गेलेली पोर संध्याकाळी गावात परतली ती खवली होऊन.

नाव पुसलं गेलं नाही. लग्नात करवल्यांनी त्याच नावावर गाणं रचलं. नवरा नामदेव बोटीवर जाणारा, स्वभावाने गरीब. पण लाडात आला की तोही "ए खवले" म्हणायचा आणि नलू "काय हाय?" म्हणून वळायची. त्याला वाटायचं हिला आवडतं. तिने कधी सांगितलं नाही की आवडत नाही.

सासूच्या मागे पाटी तिच्याकडे आली. बोईसरच्या मासळीबाजारात बसायला दोन जागा मोकळ्या होत्या. एक वाटेवरची, जिथे गिऱ्हाईक आपोआप थांबतं. दुसरी आतल्या बाजूची, भिंतीला लागून. नलूने भिंतीची घेतली. शेजारी बसणारी हिरा तेव्हा कपाळावर हात मारून म्हणाली होती, "येडी काय तू? भितीला काय बांगडं इकनार?" नलू हसली होती. भिंत डाव्या हाताला येत होती. गिऱ्हाईक यायचं ते उजवीकडून, आणि उजवा गाल चांगला होता. एवढ्या एका कारणासाठी तिने वाटेवरची जागा सोडली होती, आणि हे कारण हिरालासुद्धा कधी कळलं नाही.

माणसं मात्र तिच्याकडे येत राहिली. कारखान्यांत नोकरीला आलेली घाटावरची कुटुंबं, ज्यांना बोंबील आणि मांदेली यातला फरक कळत नसे, त्यांना ती न फसवता शिकवायची. "ताई, हा आज घेऊ नका, उद्या घ्या," असं म्हणणारी मासेवाली म्हणून तिचं नाव झालं. त्या बायका तिला नलूमावशी म्हणायच्या. बोईसरात ती नलूमावशी होती, नवापुरात खवली. म्हणून तिला बोईसर आवडायचं.

तिची मुलगी हिमानी शिकली. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाली आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये लागली. त्या घरात पांढरा कोट घालून कामावर जाणारं पहिलं माणूस. तो कोट नलू स्वतःच्या हाताने धुवायची. आपल्या लुगड्यांपासून लांब, वेगळ्या बादलीत.

एका रविवारी हिमानी फोन घेऊन आईजवळ बसली. "आये, हे बघ."

पडद्यावर एका बाईचा गाल होता, खड्डे पडलेला. बोटाने सरकवलं की दुसरा गाल, जवळजवळ गुळगुळीत.

"ही तिची बहीन?"

"नाय गं, तीच बाई. लेझर केलंय."

"भाजतात?"

"भाजत नाय… म्हणजे भाजतातच, पण मोजून. सुईच्या टोकापेक्षा बारीक भोकं पाडतात कातडीला, उजेडाने. आजूबाजूची कातडी तशीच ठेवतात. मग ती भोकं भरायला शरीर नवी कातडी बनवतं आणि खड्डा वर येतो. पूर्ण नाय जात, पण खूप कमी होतो. पालघरला करतात."

"मना कशाला? ह्या वयात मना कोन बघताय?" नलू म्हणाली. म्हणाली खरी, पण फोन तिने परत दिला नाही. बोटाने तो गाल मागे-पुढे, मागे-पुढे सरकवत राहिली. हिमानीने ते पाहिलं आणि पुढच्या आठवड्याची वेळ घेऊन टाकली.

नामदेवाला सांगितलं तेव्हा तो जाळं शिवत होता. त्याने मान वर केली. "बाजारात लोक तुझा गाल बघून पापलेट घेतात काय?" मग बायकोचा चेहरा पाहून त्याने जरा सांभाळून घेतलं, "कर बाय तुझ्या मनाचा. मी काय बोललू?" नलूला वाटलं, चोरी करताना कुणी पकडावं आणि म्हणावं, असू दे, घे. तिने ठरवलं की गावात कुणाला सांगायचं नाही. बाजारात हिराला तिने सांगितलं की वाणगावला बहिणीच्या सुनेचं बाळंतपण आहे, थोडे दिवस येणार नाही, माझा माल तूच वीक.

पालघरला जायच्या दिवशी नलूने हातांना आधी लिंबाची सालं चोळली, मग कपड्यांची पावडर, मग पुन्हा लिंबू. बोटांच्या चिरांत लिंबू झोंबलं. माशांचे पर आणि काटे लागून लागून त्या चिरा वर्षानुवर्षं तिथेच होत्या. एरवी त्यांच्याकडे तिचं लक्षही नसे. साडी लग्नाला नेसायची काढली. अंगाला हिमानीची पावडर लावली. एवढं करून ती रिक्षात बसली तेव्हा हिमानीने मान किंचित बाहेरच्या बाजूला फिरवली आणि नलूने मनात म्हटलं, वास येतोच वाटतं अजून.

क्लिनिक एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. थंडगार, काचेचं दार, आत फुलांसारखा कसला तरी वास. दारातून आत शिरताना हिमानी म्हणाली, "आई, इथे बस." नलूने क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. घरातली 'आये' जिन्यावर कुठेतरी राहिली होती.

काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं, वय विचारलं आणि मग म्हणाली, "काम काय करतात?"

नलूने तोंड उघडलं होतं. "बोईसरला…"

"घरीच असते आई," हिमानी म्हणाली. "गृहिणी."

तिने ते इतक्या सहज म्हटलं, की नलूला कळलं, हे वाक्य आज पहिल्यांदा बोललेलं नाही. कंपनीत, मैत्रिणींत, कुठे कुठे ते बोलून बोलून गुळगुळीत झालेलं होतं. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. खुर्चीला वास लागू नये म्हणून.

डॉक्टर मेघाली सावे चाळिशीच्या, बारीक चणीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी दिव्याखाली गाल पाहिला, बोटाने ताणून पाहिला. "होईल, बऱ्यापैकी होईल. आपली कातडी सावळी आहे ना, म्हणून लेझर जरा कमी ताकदीने करायचं, नाहीतर डाग पडतो. आणि नंतर ऊन अजिबात नाही. उन्हात काम असतं का तुमचं?"

"नाही नाही," हिमानी म्हणाली. "घरातच असते."

डॉक्टरांनी नलूकडे पाहिलं. नलूने मान हलवली. आतापर्यंत खोटं पोरीचं होतं. त्या मानेबरोबर ते दोघींचं झालं.

प्रत्यक्ष लेझर पुढच्या खेपेला झालं. गालावर बधिर करणारं मलम लावलं, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला. यंत्र टकटक करत गालावरून सरकलं. दुखणं फारसं नव्हतं. पण वास आला, आणि तो वास नलूच्या ओळखीचा होता. निखाऱ्यावर सुका बोंबील टाकल्यावर पहिल्यांदा येतो, तो. तिला वाटलं, आता सगळ्या खोलीला कळणार. मग तिच्या लक्षात आलं की हा वास सगळ्यांच्याच कातडीचा असणार, काउंटरवरच्या मुलीच्याही. काळ्या चष्म्याच्या आड तिला एकटीलाच हसू आलं. त्या जागेत तिला आलेलं ते पहिलं हसू.

निघताना डॉक्टरांनी सगळं समजावलं. ऊन नको, खपल्या ओढायच्या नाहीत, मलम लावायचं. "आणि आग होईल, सूज येईल. घाबरायचं नाही. स्वच्छ कपड्यात बर्फ गुंडाळून हलकेच शेक द्यायचा. बर्फ आहे ना घरी?"

"हाय ना," नलू म्हणाली. त्या सबंध दिवसात तिने ठामपणे दिलेलं हे एकच उत्तर होतं.

बर्फाला त्या घरात तोटा नव्हता. फ्रीज होता, पण त्यात बर्फ करायचा हे त्या घरात कधी कुणाला सुचलं नव्हतं. जिथे कारखान्यातून लादीने बर्फ येतो, तिथे वाटीभर बर्फ जमवत कोण बसेल? मागच्या पडवीत थर्माकोलचे मोठे खोके असायचे. खाली बर्फाचा चुरा, मग मासळी, वर पुन्हा चुरा. लहानपणापासून नलूला बर्फाबद्दल एकच गोष्ट ठाऊक होती, की तो मांस सडू देत नाही. नामदेवाच्या बोटीवर, तिच्या पाटीत, हिराच्या पाटीत, सगळ्यांचं पोट त्या एका गोष्टीवर चालत होतं. म्हणून गालाची आग व्हायला लागली, गाल फुगून डोळा बारीक झाला, तेव्हा ती पडवीत गेली. खोक्यातला वरचा, काचेसारखा चुरा तिने निवडून घेतला. माशाला लागलेला घेतला नाही, तेवढी ती साफ होती. नवा पांढरा रुमाल काढला, त्यात बर्फ बांधला आणि गालाला लावला. काय सुख वाटलं तिला!

हिमानीचा कामावरून फोन आला. "आये, बर्फ लावतेस ना?"

"लावते तर. मघापासून तेच करते."

"लावत राहा. कंटाळा करू नकोस."

लॅबमध्ये बाटलीवर नाव नसेल तर ती हातात न घेणाऱ्या त्या मुलीने विचारलं नाही, कुठला बर्फ. आणि नलूला तर बर्फ दोन प्रकारचा असतो हेच माहीत नव्हतं.

सूज उतरली. काळसर खपल्या धरल्या आणि गळून गेल्या. खालून गुलाबी, कोवळी कातडी निघाली. नलू दार लावून आरशासमोर उभी राहायची. एक दिवस तिने डाव्या गालावरून बोट फिरवलं तर बोट अडखळलं नाही. ती इतकी हरखली की तिला स्वतःचीच लाज वाटली. पोरगी लग्नाच्या वयाची झाली आणि आपण आरशापुढे. दारावर कुणी थाप मारली की ती झटकन बाजूला व्हायची आणि उगाच अंथरुणं झटकू लागायची.

मग एके सकाळी गालावर, हाडाच्या खाली, एक लालसर गाठ हाताला लागली. तिला वाटलं, मुरूम असेल. ती बसली नाही. तिच्या वर दुसरी आली, मग डोळ्याच्या दिशेने तिसरी, जणू कुणी चालत वर निघालं आहे. दुखत फारशा नव्हत्या, पण घट्ट होत्या आणि एकीला तोंड पडून चिकट पाणी येऊ लागलं.

डॉक्टर मेघालींनी गोळ्या दिल्या. त्या संपल्या, गाठी तशाच. पुन्हा जावं लागलं. या वेळी डॉक्टरांचा चेहरा हसरा नव्हता. त्यांनी दिवा जवळ ओढला.

"नेहमीच्या जंतूंसारखं वागत नाही हे. मला एक सांगा, घरात माशांची टाकी वगैरे आहे का? शोभेच्या माशांची?"

"नाही," हिमानी म्हणाली.

"तलावाचं पाणी, खाडीचं पाणी, कच्चे मासे, यातलं काही गालाला लागलं? माशांच्या पाण्यात काही हट्टी जंतू असतात. ते जखमेतून आत शिरले की अशाच रांगेने गाठी येतात. त्यांचं औषधच वेगळं, या गोळ्यांना ते दाद देत नाहीत."

नलूच्या डोळ्यांसमोर पांढरा रुमाल आला. आणि तिला मैनाबाईचं बोट आठवलं. बाजारातल्या म्हाताऱ्या मैनाबाईला शिंगाळा माशाचा काटा लागला होता आणि तिच्या बोटापासून मनगटापर्यंत अशाच गाठी चढल्या होत्या. बाजारातल्या सगळ्या बायकांना तो आजार ठाऊक होता. तो आजार मासेवालीच्या हाताचा. गालाला तो होऊ शकतो हे फक्त कुणाच्या मनात आलं नव्हतं.

ती बोलणार तेवढ्यात हिमानी म्हणाली, "घरी मासे आणतो आम्ही. म्हणजे सगळे आणतात तसे. आठवड्यातून कधीतरी."

कधीतरी! नलूने पोरीकडे पाहिलं. हिमानी डॉक्टरांकडे पाहत होती, मान ताठ करून, गळ्यातली शीर उडत होती. आता आपण तोंड उघडलं तर डॉक्टरांपुढे पोर खोटी पडणार. पांढऱ्या कोटातली, इंग्रजीत बोलणारी पोर. नलूने पदराखाली हात आणखी घट्ट धरले.

"मग गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "पण ते जंतू सावकाश वाढतात, रिपोर्टला आठवडे जातात. तोवर अंदाजाने औषध देणं मला पटत नाही, ती औषधं कडक आहेत. आणि हे डोळ्याकडे चाललंय, हे मला आवडलेलं नाही. दोन दिवसांनी या, तुकडा काढू."

परतताना रिक्षात, उमरोळीच्या पुढे, हिमानी म्हणाली, "आये, तू गालाला काय लावलंस दुसरं?"

"काय नाय. तू सांगितलंस तेच."

"बर्फ?"

"हां."

हिमानीने पुढे विचारलं नाही. तिला तेव्हा कळलं होतं की नाही, हे नलूला शेवटपर्यंत समजलं नाही. मात्र नंतर बोईसरपर्यंत ती रिक्षातून बाहेरच बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिरा दारात उभी. हातात रिकामी पाटी, कमरेला पदर खोचलेला.

"वाणगावला कोन बालंत झाली गो? तूच काय?"

नलू आत वळणार, तोच हिराने तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला. तिने खालून वर एकेक गाठ बोटाने मोजली.

"ह्यो तर मैनाबाईच्या बोटाचा आजार," ती म्हणाली. "तोंडाला कसा आला?"

नलूने सगळं सांगितलं. फोनमधला गाल, पालघर, लेझर, रुमाल. सांगताना ती जमिनीकडे बघत होती. हिराने हसावं, शिव्या द्याव्यात, गावभर सांगावं, तिने सगळ्याची तयारी ठेवली होती.

हिरा हसली, पण अर्ध्यावरच थांबली. "बरफ लावलास खोक्यातला! अगं, तू काय पापलेट हायस?" आणि मग, "डागदरनीला सांगितलास ना, मासली इकते म्हनून? मैनाबाईला औषद दिलं ना, ते तिने सांगितलं तवाच दिलं."

"नाय सांगितलं."

"का?"

"पोरीने सांगितलं तिथे, मी घरी असते म्हनून."

हिराने पाटी खाली ठेवली. "घरी असतेस," ती सावकाश म्हणाली. "मंग इतकी वर्सं माझ्या बाजूला बसून बांगडं इकते ती कोन? तुझी सवत?"

हिराच्या आवाजात चेष्टा होती, पण डोळ्यांत नव्हती. नलूला प्रथमच उमगलं, की ते 'घरीच असते' आपल्या एकटीपुरतं नव्हतं. हिराच्या हातांनाही ते झाकून टाकत होतं. आपण ज्या मान हलवण्याला पोरीवरची माया समजत होतो, त्यात हिराही काउंटरवरून पुसली गेली होती.

"डोळा जायला नको गो," हिरा पाटी उचलत म्हणाली. "गालाचं मेलं काय एवढं. डोळा गेला तर माझा माल कोन राखेल, मी जेवायला जाईन तवा?" एवढं बोलून ती निघून गेली. गावात तिने कुणाला काही सांगितलं नाही. नलूला तेही टोचलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ठरल्या दिवशी क्लिनिकमध्ये गर्दी होती. नलूचं नाव पुकारलं तेव्हा दोघी आत गेल्या. नर्सने तुकडा काढायच्या सामानाचा ट्रे आणला. ती आत-बाहेर करत होती म्हणून दाराला स्टूल लावून ठेवलेलं, ते अर्धवट उघडंच. बाहेरच्या खुर्च्यांवरच्या बायकांची कुजबुज आत ऐकू येत होती.

डॉक्टर मेघालींनी गाठ पाहिली. ती डोळ्याच्या खालच्या हाडापर्यंत आली होती. "काही आठवलं का?" त्यांनी सहज विचारलं.

हिमानी म्हणाली, "नाही, आम्ही खूप विचार केला, पण…"

"मी मासली इकते," नलू म्हणाली.

ते तिला वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्याने निघालं. बाजारात हाक द्यायची सवय झालेला आवाज तो, त्याला हळू बोलणं जमत नव्हतं. बाहेरची कुजबुज थांबली.

"बोईसरच्या बाजारात. पहिल्यापासून. घरात मासलीचा बरफ असतो, लादीचा. तुमी बरफ सांगितला, मी तो लावला. खोक्यातला. वरचा, साफ बघून लावला." आणि पुरावा मागितला असावा तसे तिने पदराखालचे हात बाहेर काढून टेबलावर ठेवले.

डॉक्टरांनी ते हात पाहिले, चिरा पाहिल्या. मग चष्मा काढला. "अहो नलिनीताई, मी केळव्याची. आमच्या दारात रोज मासेवाली यायची. मला तुमच्याकडे बघून कळायला हवं होतं. आणि बर्फ म्हणताना कुठला बर्फ तेही मीच सांगायला हवं होतं." त्या कागदावर लिहू लागल्या. "तुकडा काढू, पण औषध आजच सुरू. अनेक महिने घ्यावं लागेल, एकही दिवस चुकवायचा नाही. डोळ्याला काही होणार नाही आता. गालावर डाग मात्र राहील. आधीच्या खड्ड्यांपेक्षा तो जास्त दिसेल कदाचित. खोटं नाही सांगत."

"राहू दे," नलू म्हणाली.

"पण एवढ्या वेळा विचारलं मी," डॉक्टर म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य. "पहिल्या दिवशीच का नाही सांगितलं?"

नलूने हिमानीकडे पाहिलं नाही. "मीच पोरीला बोललू तसं सांगायला," ती म्हणाली. "मना लाज वाटली."

पोरीला वाचवायला म्हणून ते वाक्य तिने काढलं होतं. तोंडातून बाहेर पडल्यावर तिला कळलं की त्यातला अर्धा भाग खरा आहे. भिंतीकडची जागा घेतली त्या दिवसापासून खरा आहे.

तिने वाट पाहिली. आता हिमानी म्हणेल, नाही डॉक्टर, मी सांगितलं होतं. ती म्हणावी असं नलूला वाटत होतं आणि म्हणू नये असंही. हिमानीने फक्त श्वास सोडला, लांब, मोकळा. तो सुटकेचा श्वास होता, आणि तो आपल्याला ऐकू आला याचीच नलूला शरम वाटली.

तुकडा काढला. गालावर पट्टी बांधली. औषधांचा कागद घेऊन दोघी बाहेर आल्या. खुर्च्यांवरच्या बायकांनी वर पाहिलं आणि सगळ्यांनी एकदम आपापल्या फोनमध्ये माना घातल्या. हिमानी त्यांच्यामधून भरभर चालत गेली. नलू तिच्यामागून, पट्टीचा गाल त्यांच्याच बाजूला करून.

जिन्यात, पहिल्या वळणावर, हिमानी थांबली. तिचे डोळे भरलेले होते. ती काहीतरी मोठं बोलणार, असं नलूला वाटलं आणि तिने कठड्याला हात टेकवला.

"आये," हिमानी अगदी हळू म्हणाली, "बाहेरच्यांना ऐकू गेलं असेल काय गं?"

नलूने कठड्यावरचा हात उचलला.

"नाय," ती म्हणाली. "दार लावलेलं होतं."